पिवळी काजळी

विश्वासच्या त्या पत्राला गोपीनाथांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं, विसरलंही नव्हतं. ते त्यांच्या उशाशी, जाडजूड शब्दकोशाखाली पडून होतं, आणि सकाळी उठून चष्मा चाचपताना त्यांची बोटं रोज त्याला लागत. लागली की ती चटका बसल्यासारखी मागे येत.

पत्र टपालाने आलंच नव्हतं. श्रावणात मुलगा सुबोध जमिनीच्या एका कामासाठी कुडाळला जाऊन आला, तेव्हा त्याच्याबरोबर विश्वासने ते धाडलं होतं. सोबत फोटोच्या रोलची काळी डबी, आणि तिच्यात कापसात गुंडाळलेला अंगठ्याएवढा धातूचा तुकडा. छिन्नीने तोडलेला, चांदीसारखा, एका बाजूने किंचित निळसर.

‘गोप्या,’ असं विश्वासने लिहिलं होतं, ‘या धातूच्या कांबी धैर्यशीलने तिकडूनच, तुझ्या सिंगापूरहून आणल्यात. कुठलासा भंगारवाला आवराआवर करत होता. धैर्यशील म्हणतो, बोटीच्या बेअरिंगमधला पांढरा धातू असणार. मी म्हणतो कथील आहे, कारण वाकवली की रडते. शिसं हल्ली मिळत नाही, मिळतं ते बॅटरीतलं, घाण. यंदा डुकरांनी उच्छाद मांडलाय. भात पोटरीत आलं की मी गोळ्या ओतायला घेणार. तू जन्मभर धातूच बघत आलास. हा कोणता, आणि गोळ्यांना चालेल का, एवढं कळव. बाकी क्षेम.’

विश्वासकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीचा परवाना होता आणि गोळ्या ओतायचा एक जुना साचा होता. दर वर्षी पडवीत शेगडी पेटवून तो स्वतःच्या गोळ्या स्वतः ओतायचा. एका हंगामाला विसेक गोळ्या पुरत, त्यातल्या निम्म्या हवेत जात आणि डुकरं दुसऱ्या रात्री परत येत. तरी तो ओतायचा. त्यात त्याला गंमत वाटायची.

गोपीनाथ आणि तो कुडाळच्या शाळेत एका बाकावर बसत. विश्वास धीट, गोपीनाथ भित्रे. गणितं विश्वास घाईने सोडवी आणि पाटी गोपीनाथांकडे सरकवी. गोपीनाथ तोंडाने काहीच बोलत नसत. चूक असेल तिथे नुसतं बोट ठेवत. चूक नसेल तर पाटी मुकाट्याने परत ढकलत. मास्तरांना ते दोघे काय करतात ते कधी कळलं नाही, आणि त्या दोघांनाही त्याबद्दल कधी बोलावं लागलं नाही.

पुढे विश्वास शेतीत राहिला. गोपीनाथ मुंबईला एका सरकारी प्रयोगशाळेत लागले आणि धातूंचं पृथक्करण करत तिथेच म्हातारे झाले. बायको गेल्यावर सुबोधने त्यांना सिंगापूरला आणलं. मरीन परेडला अकराव्या मजल्यावर सुबोधचा फ्लॅट होता. खिडकीतून समुद्र दिसे, आणि समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं. सून उल्का नोकरी करी, पूर्वी नावाची नात शाळेत जाई, आणि गोपीनाथ वाचत. घरात त्यांचा कुणाला त्रास नव्हता. तो होऊ नये याची ते फार काळजी घेत.

तुकडा आला त्या दिवशी त्यांना कितीतरी वर्षांनी हाताला काम मिळाल्यासारखं वाटलं. त्यांनी तो कानाशी धरून दोन्ही हातांनी जरासा वाकवला. आतून बारीक करकर ऐकू आली. गावाकडे यालाच धातू रडला म्हणतात, आणि रडला म्हणजे ते कथील, असं सगळे धरून चालतात. पण गोपीनाथांना ठाऊक होतं की रडणारं कथील एकटंच नसतं.

उल्काचा केकसाठीचा छोटा तराजू त्यांनी मागून घेतला. तुकडा दोऱ्याने बांधला आणि पाण्याच्या पेल्यात सोडला.

“आजोबा, व्हाय यू बाथिंग द मेटल?” पूर्वीने विचारलं.

“तो किती जड आहे ते बघतोय.”

“पण तो ड्राय असताना पण जड असतो ना?”

“हो. पण पाण्यात तो खरं बोलतो,” असं म्हणून ते स्वतःच ओशाळले.

आकडा आला तो कथलापेक्षा बराच जड आणि शिशापेक्षा बराच हलका. मधला. त्यांनी पुन्हा मोजलं, दोरा बदलला, पुन्हा मोजलं. मधलाच. आता कथील आणि शिसं एकत्र केलं, म्हणजे डाग द्यायला वापरतात ते मिश्रण, तर ते नेमकं इतकंच भरतं. तसं असेल तर विश्वासच्या गोळ्यांना याहून चांगलं काही नाही. पण आणखी एक धातू नेमका तेवढाच जड असतो. तो मऊ असतो, चांदीसारखा दिसतो, वाकवला की रडतो. लोखंडावर मुलामा द्यायला कारखान्यांत त्याच्या कांबी वापरतात. आणि तो वितळवताना जास्त तापला, तर त्याचा धूर छातीत जातो आणि माणूस दोन-चार दिवसांत संपतो. कॅडमियम.

हे नाव गोपीनाथांच्या मनात त्याच दुपारी आलं. त्यांनी कागद घेतला, वर तारीख घातली आणि लिहिलं: ‘विश्वास, मी कळवीपर्यंत ती कांब वितळवू नकोस. मला शंका आहे.’

एवढं लिहून झालं आणि त्यांचा हात थांबला.

शंका कसली? केकच्या तराजूवरची? ते चुकले तर विश्वास गावभर सांगत सुटणार, की आमच्या गोप्याला शिसं आणि विष यांतला फरक कळेना. प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर एक शिस्त पाळली होती. दोन वेगवेगळ्या रीतींनी एकच उत्तर आल्याखेरीज अहवालावर सही करायची नाही. सहकारी त्यांना हसत, पण त्यांचा एकही अहवाल कधी परत आला नव्हता. हाताशी आम्ल नाही, फुंकनळी नाही, आणि नुसत्या वजनावर काय कळवायचं? आधी खात्री करू, मग सविस्तर लिहू. कोणता धातू, का, काय काळजी घ्यायची, सगळं नीट. भात पोटरीत यायला अजून अवकाश होता.

त्यातच उल्काने टेबलावरचं पत्र पाहिलं.

“बाबा, हे गोळ्यांचं काय?”

“विश्वास गोळ्या ओततो. डुकरांसाठी.”

“बंदुकीच्या?” उल्का खालच्या आवाजात म्हणाली. “बाबा, प्लीज. फोनवर, पत्रात, कुठे हे शब्द नकोत. इथे च्युइंगगम चालत नाही, आणि तुम्ही गोळ्या कशाच्या करायच्या ते लिहून पाठवताय. सुबोधचा इथला नोकरीचा पास आहे, माझा आहे.”

“नाही, मी अजून काही लिहिलं नाही.”

“मग नकाच लिहू. दिवाळीत सुबोध फोन करेल त्यांना.”

खरं तर उल्काच्या बोलण्यात मनाई कमी आणि काळजी जास्त होती, आणि थोडं समजावलं असतं तर तिने स्वतः पाकीट आणून दिलं असतं. पण गोपीनाथांना बरंच वाटलं. न लिहायला एक कारण मिळालं. त्यांनी तो एका ओळीचा कागद विश्वासच्या पत्रात घातला, आणि पत्र शब्दकोशाखाली गेलं.

गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या आरतीला ते तुकडा खिशात घालून गेले. तिथे मधुरा यायची. ती विद्यापीठात धातूंवरच संशोधन करत होती, पुण्याची, मोकळ्या स्वभावाची मुलगी. आरती झाली, प्रसाद झाला. मधुरा स्वतःहून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

“काय काका, काय नवीन वाचताय?”

“काही नाही. जुनंच.”

“मला तरी वेळच मिळत नाही बघा. लॅब, लॅब आणि लॅब.”

“हो. तुमचं काम मोठं असतं,” गोपीनाथ म्हणाले. खिशात त्यांच्या मुठीत डबी होती. एवढी मोठी यंत्रं, एवढं मोठं संशोधन, आणि आपण खेड्यातल्या डुकरांच्या गोळ्यांसाठी भंगाराचा तुकडा पुढे करायचा. ती हसेल असं नव्हे. ती हसणार नाही, भिडेपोटी हो म्हणेल आणि तिचा वेळ जाईल, हे त्यांना जास्त लागत होतं. कुणीतरी मधुराला मोदक वाढायला हाक मारली. ती उठून गेली. डबी खिशातच घरी आली.

*

ऑक्टोबरच्या मध्याला धैर्यशीलचा फोन आला. त्याचं जहाज बंदरात लागलं होतं आणि संध्याकाळपर्यंत त्याला सुट्टी होती. धैर्यशील म्हणजे विश्वासच्या बहिणीचा मुलगा. आईबाप लवकर गेले म्हणून मामा-मामीकडे वाढलेला. विश्वासला आणि त्याच्या बायकोला, संजीवनीला, मूलबाळ नव्हतं, तोच त्यांचं मूल. आता जहाजावर सेकंड इंजिनियर होता. सगळे कामावर गेलेले, म्हणून गोपीनाथ त्याला खालच्या हॉकर सेंटरमध्येच, खाण्याच्या गाळ्यांच्या चौकात भेटले. त्याने चहा आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोकमांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं.

“मामीने दिलंय. म्हणाली, भाऊजींना तिकडे मिळत नसणार.”

“विश्वास कसा आहे?” गोपीनाथांनी विचारलं. विचारताना त्यांनी नजर चहात ठेवली. पत्राचा विषय तो आता काढणारच.

धैर्यशीलने आपला चहा बाजूला सारला. त्यांनी वर पाहिलं.

“काका, तुम्हाला कळलं नाही? मी तर समजत होतो, सुबोधदादाला कुणीतरी कळवलं असेल. मामा गेला. भाद्रपद संपता संपता.”

आजूबाजूला थाळ्यांचा खडखडाट चालू होता. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा चिनी माणूस फुंकून फुंकून सूप पीत होता. गोपीनाथांनी पेला खाली ठेवला. तो सांडला नाही.

“कशाने?”

“न्यूमोनिया. मी तिकिटाच्या कामाला एका दिवसासाठी कोल्हापूरला गेलो होतो. आलो तर हा अंथरुणात. ताप, खोकला, छाती भरलेली. म्हणाला, काही नाही रे, पावसात भिजलो. दुसऱ्या दिवशी श्वास घेता येईना. गाडी करून दवाखान्यात नेला. ऑक्सिजन लावला, पण नाही झालं काही. चांगला धडधाकट माणूस हो. मी गेलो त्या संध्याकाळी तर पडवीत बसून गोळ्या ओतत होता.”

“त्या कांबीच्या?”

“हो, मी नेलेल्या. बाहेर पाऊस लागला होता, म्हणून पडवीची ताटी लावून आतच बसला. मामी म्हणाली, धातू मनासारखा पातळ होईना, म्हणून भाता लावून चांगली लाल केली मूस. धूर पण फार झाला म्हणे. आणि एक गंमत सांगू? अजून वाशांवर काजळी बसलीये, पण ती काळी नाहीच. पिवळट, तपकिरी. मामी म्हणते, काजळी हळदीसारखी कशी झाली? तिला वाटतंय, काही अपशकुन होता.”

गोपीनाथांना दुसरी रीत हवी होती. ती इथे, हॉकर सेंटरच्या टेबलावर, चहाच्या पेल्याशेजारी आली. कॅडमियमचा धूर थंड झाला की अशाच रंगाची राख बसते. कथील-शिशाच्या मिश्रणाची अशी तपकिरी बसत नाही. दोन्ही उत्तरं जुळली होती. आता अहवालावर सही करायला हरकत नव्हती.

“काका, तुम्ही पांढरे पडलात. पाणी आणू?”

“नको.” मग त्यांनी विचारलं, “उरलेल्या कांबी कुठे आहेत?”

“आहेत घरी. तीन-चार असतील. मामीने कल्हईसाठी ठेवल्यात. दिवाळीआधी कल्हईवाला येतो ना, तो बघून गेला. वाकवून कानाला लावली आणि म्हणाला, वहिनी, असं कथील आता शहरातसुद्धा मिळायचं नाही. घरातली सगळी पितळी भांडी करून घेणार आहे ती. म्हणाली, तेवढंच ह्यांचं काहीतरी घरात वापरात राहील.”

“करू नका म्हणावं.”

“का?”

“शुद्ध नसेल. बहुधा नसावं.”

धैर्यशील हसला. रडवेलं हसला. “मामा म्हणायचा, गोप्या स्वतःचं नाव सांगताना पण आधी ‘बहुधा’ म्हणतो. अहो, मी बोटीवर रोज पांढरा धातू बघतो, आणि कल्हईवाल्याचा जन्म कथलात गेला. आम्ही दोघं चुकतोय?”

गोपीनाथांनी तोंड उघडलं. समोर पस्तिशीचा तगडा माणूस बसला होता, उद्या जपानला निघणारा, पुढचे काही महिने पाण्यावर. त्याच्या मनगटावर विश्वासचं जुनं घड्याळ होतं. ज्या मामाने आपल्याला वाढवलं त्याला मारणारी वस्तू आपण विकत घेऊन, सामानातून, हौसेने घरी नेली, हे या माणसाला आता सांगायचं होतं. सांगायला हवं होतं. त्यांनी फक्त म्हटलं, “मी मामीशी बोलतो.”

“बोला ना. बरं वाटेल तिला.” धैर्यशीलने त्यांचा हात दाबला आणि तो बसकडे गेला. जाताना एकदा वळून त्याने हात हलवला.

*

लिफ्टमध्ये चढताना गोपीनाथांच्या मनात आलं, आधी मधुराकडून खात्री करून घ्यावी, मग फोन करावा. ते मनात आलं आणि ते लिफ्टच्या भिंतीला टेकले. घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. विश्वासच्या पत्रावर कोपऱ्यात गावच्या नाक्यावरच्या टेलिफोन बूथचा नंबर होता. पुष्कळ वेळ तो लागलाच नाही. मग लागला.

बूथवाला ओरडून बोलत होता. “कोण? सिंगापूर? थांबा हां, पोर धाडतो. पंधरा मिनिटांनी परत करा.”

त्या पंधरा मिनिटांत उल्का ऑफिसातून आली. सासऱ्यांचा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही. फोन पुन्हा लागला तेव्हा ती दारात उभी राहिली.

“भाऊजी?” संजीवनीचा आवाज लांबून आला. “धैर्यशील भेटला ना? बरा आहे ना तो?”

“बरा आहे. वहिनी, आधी ऐका. त्या कांबींची कल्हई करू नका. भांड्यांना लावू नका. विषारी आहे तो धातू. हातही लावू नका कुणी. आणि वाशांवरची ती पिवळी काजळी कोरडी झाडू नका. नाकातोंडाला कपडा बांधून ओल्या फडक्याने पुसा, आणि फडकं पुरून टाका.”

“विषारी?” ती म्हणाली. “मग ह्यांनी त्या वितळवल्या त्या?”

गोपीनाथांनी उत्तर दिलं नाही.

“भाऊजी, ऐकू येतंय ना?”

“येतंय.”

“म्हणजे त्या धुराने?” ती म्हणाली. “न्यूमोनिया नव्हे तो?”

“नसावा.” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“धैर्यशीलने आणल्या होत्या त्या,” ती सावकाश म्हणाली. जणू कुणाचं नाव ती पहिल्यांदा उच्चारत होती. “तो म्हणाला, चांगला धातू आहे मामा. मी म्हटलं होतं, परदेशातलं भंगार कशाला घरात. तर हसला मला.” आणि मग, “तुमच्या पत्राची हे फार वाट बघत होते हो. गणपतीपर्यंत रोज पोस्टमनला विचारायचे. मग म्हणाले, गोप्याचं आलं उत्तर. मी म्हटलं, कुठे आलं? तर म्हणाले, तुला नाही कळायचं. वाईट असतं तर त्याने बोट ठेवलं असतं. तो काही बोलत नाही म्हणजे बरोबर आहे. आणि दुसऱ्या दिवशी साचा काढला.”

गोपीनाथांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“मी लिहितो,” ते म्हणाले. “वहिनी, मी सगळं लिहितो.”

“लिहा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “आता काय. धैर्यशीलला पण मी लिहीन म्हणते. काय लिहू त्याला?”

बूथवाला काहीतरी ओरडला आणि फोन तुटला. उल्काने त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून जागेवर ठेवला. बंदूक, गोळ्या, कशाबद्दलही ती बोलली नाही. पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवून ती आत गेली, आणि आतून तिच्या नाक पुसण्याचा आवाज आला.

*

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मधुराने तुकडा यंत्रात ठेवला आणि त्यांना स्टूल दिलं. ते टेकतात न टेकतात तोच ती पडद्याकडे बघत म्हणाली, “कॅडमियम. जवळजवळ शुद्ध. प्लेटिंगच्या वर्कशॉपमधलं असणार. काका, हे कुणी वितळवायचं नाही हं, भयंकर असतं. कुठे मिळालं तुम्हाला?”

“एका मित्राकडे. श्रावणात आलं माझ्याकडे.”

“आणि मला आधी का नाही दाखवलंत? तुमच्या शंकेला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.”

“गणपतीत खिशात होतं,” गोपीनाथ म्हणाले. “संकोच वाटला.”

मधुरा हसायला लागली आणि त्यांच्याकडे बघून मध्येच थांबली. “काका, तो मित्र...” ती म्हणाली. तुकडा तिने ठेवून घेतला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली. बसस्टॉपपर्यंत ती त्यांच्याबरोबर चालत आली, सगळा वेळ काहीतरी बोलण्यासारखं शोधत.

मग लिहायचं राहिलं.

त्यांनी बऱ्याचदा सुरुवात केली. ‘धातूची तपासणी केली असता तो कॅडमियम असल्याचे निष्पन्न झाले.’ फाडलं. हे खरं होतं, निर्दोष होतं, आणि हे वाचून संजीवनीला एकच गोष्ट कळणार होती, की विष कुणी घरात आणलं. फोनवर तिला तेवढंच कळलं होतं. ते कळवण्याचं काम गोपीनाथांनी स्वतःच्या तोंडाने केलं होतं, आणि त्यापुढचं वाक्य गिळलं होतं. धैर्यशील आता कुठल्यातरी समुद्रात होता. पुढच्या बंदरात त्याला मामीचं पत्र मिळेल. ती काय लिहील? किंवा काहीच लिहिणार नाही, आणि तो त्या न लिहिण्याचा काय अर्थ घेईल? गोपीनाथांना आता कळलं होतं की गप्प बसण्याला अर्थ असतो, आणि तो लावणारा दुसराच असतो.

दुसरं पत्र त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेऊन लिहिलं. वाचून पाहिलं तर त्यात स्वतःबद्दलच पान भरून होतं. मी भित्रा, मी संकोची, मला क्षमा करा. म्हाताऱ्या विधवेने ते वाचून उलट त्यांचंच सांत्वन करावं, असं काहीतरी झालं होतं. तेही फाडलं. आणि समजा नुसतं लिहिलं की चूक माझी, धैर्यशीलची नाही, तर ती म्हणणार, भाऊजी भले आहेत, पोराला सांभाळून घेताहेत. ती विश्वास ठेवणार नाही. गोपीनाथांवर कुणी कधी कसला वाईट संशय घेतलाच नव्हता. त्या भलेपणाची त्यांना पहिल्यांदाच किळस आली.

शेवटी त्यांनी शब्दकोश उचलला. विश्वासचं पत्र काढलं, आणि त्याच्या घडीतून तो श्रावणातला कागद. वर तारीख, खाली त्यांच्या अक्षरातली ती ओळ. शाई किंचित फिकी झाली होती, पण वाचता येत होती.

त्याच कागदावर, त्या ओळीखाली, त्यांनी लिहायला घेतलं.

‘वहिनी, वरची ओळ मी विश्वासचं पत्र मिळालं त्याच दिवशी लिहिली. तारीख आहेच. धातू काय असू शकतो हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं. धैर्यशीलला ठाऊक नव्हतं, आणि असण्याचं काही कारणही नव्हतं. बोटीवरच्या कुणाही माणसाने तो बेअरिंगचाच धातू म्हटला असता. मला शंका होती आणि मी ही ओळ पाठवली नाही, कारण चुकलो तर विश्वास हसेल असं मला वाटलं. मी बोट ठेवलं होतं, पण कागदावर, माझ्या खोलीत. त्याने माझ्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवला. हा कागद धैर्यशीलला दाखवा. तुमच्या पत्राआधी दाखवता आला तर बरं. कांबी खोल खड्ड्यात पुरा, विहिरीपासून लांब. क्षमा मागत नाही. गोपीनाथ.’

त्यांनी ते पुन्हा वाचलं. ‘मला वाटलं’च्या आधी ‘बहुधा’ घालावं असं एकदा मनात आलं. घातलं नाही.

उल्का बाहेरच्या खोलीत पूर्वीला अभ्यासाला बसवत होती. त्यांनी तिला कागद दाखवला. तिचा पास, सुबोधचा पास, हे सगळं त्यांच्या लक्षात होतं. तिने उभ्याउभ्या वाचला, आणि कपाटातून एअरमेलचं पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं. “मी येऊ बरोबर?” तिने विचारलं.

“नको. जवळच तर आहे.”

पोस्टात गर्दी होती. दिवाळीची भेटकार्डं घेऊन तमिळ बायका रांगेत उभ्या होत्या. पाकिटावर त्यांनी संजीवनीचं नाव घातलं होतं, खाली विश्वासचं घर, गाव, तालुका. तिकीट लावलं, जिभेला गोंदाची चव राहिली. मग ते बाहेरच्या पेटीशी आले.

हे पत्र पोचून काही होणार नव्हतं. विश्वासला त्याचं उत्तर आधीच मिळालं होतं. संजीवनी हे वाचून दार लावून घेईल, आणि पुन्हा कधी कोकमं येणार नाहीत. धैर्यशीलला यातून सुटका मिळेलच असं नाही. शेवटी कांबी उचलणारे हात त्याचेच होते, आणि हे तो मरेपर्यंत मोजत राहील. गोपीनाथांना यातलं एकही उत्तर ठाऊक नव्हतं, दोन रीतींनी तर नाहीच.

त्यांनी पाकीट फटीतून आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. पेटी बहुतेक भरलेली होती. ते जरा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग मागे एक बाई कार्डांचा गठ्ठा घेऊन खोळंबली होती, तिच्यासाठी बाजूला झाले.